'विशिष्ट रोध' : एका संज्ञेची चिकित्सा

दाबाखालील गाळणाचे गणित ज्या संज्ञेवर उभे आहे ती म्हणजे 'विशिष्ट रोध' होय. सूक्ष्म कणांचे निलंबन कापडावर दाबले असता द्रव पार होतो व कणांचा थर मागे साचतो. एकक क्षेत्रावर साचलेल्या शुष्क द्रव्याच्या एकक वस्तुमानामागे प्रवाहास जो अडथळा होतो, तो या संज्ञेने दर्शविला जातो. व्याख्या निर्दोष आहे; तिचा व्यवहार मात्र तसा राहिलेला नाही.

संज्ञेचे मूळ दार्सीच्या १८५६ मधील दिजाँ नगराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात आहे. त्यातील नियम वाळूच्या थरासंबंधी आहे. तेथे वाळू आधीच अंथरलेली असून तिची रचना पाण्याच्या दाबाने पालटत नाही. दाबगाळणात मात्र थर प्रवाहातूनच घडत जातो. १९३३ ते १९३५ या काळात रूथने या वाढत्या थराचे गणित मांडले. दाब स्थिर असता, काळास गाळलेल्या द्रवाच्या आकारमानाने भागून येणारी राशी त्याच आकारमानासमोर मांडली की सरळ रेषा मिळते. तिच्या चढावरून विशिष्ट रोध काढता येतो. ही रीत इतकी सोयीची ठरली की, हाती आलेला अंक हा पदार्थाचा जन्मजात गुणच होय, असा समज रूढ झाला.

वस्तुतः कणांच्या सांगाड्यावरील भार कापडालगत सर्वांत अधिक व निलंबनाच्या बाजूस नगण्य असतो. म्हणून थर एकीकडे घट्ट, दुसरीकडे सैल राहतो, आणि विशिष्ट रोध ही केवळ सरासरी ठरते. ती दाबाच्या एखाद्या घाताप्रमाणे बदलते, हे जुन्या उपपत्तीलाही मान्य आहे. कापडाचा रोध सोडून दिल्यास, घातांक शून्य असता दाब दुप्पट केला की वेगही दुप्पट होतो. घातांक एकच्या जवळ गेला की वाढीव दाब जवळजवळ व्यर्थ जातो. सांडपाण्याच्या जैविक गाळाची गत बहुधा हीच असते. तेथे बराचसा काळ थर दबण्यात जातो व आलेख सरळ राहत नाही. त्यातील सोयीचा तुकडा निवडून चढ मोजणे म्हणजे नसलेल्या वस्तूस नाव देणे होय.

मराठीत या घोटाळ्यास आणखी एक कारण जडते. 'विशिष्ट' म्हणजे अमुक एक, त्या वस्तूचे खास, असाच बोध सामान्य वाचकास होतो. 'एकक वस्तुमानामागे' हा अर्थ त्या विशेषणातून निघत नाही. जो गैरसमज गणिताने निर्माण केला, तो शब्दाने दृढ होतो.

बस्कॉल व व्हाइट यांनी १९८७ मध्ये हा एकच अंक बाजूस सारून दोन फलने पुढे केली: कणांचे जाळे ढासळण्यापूर्वी किती भार सोसते हे एक, आणि द्रवास किती अडविते हे दुसरे. दोन्ही घनांशावर अवलंबून असतात. १९९१ मध्ये हीच मांडणी दाबगाळणास लावण्यात आली. तिच्यासाठी अधिक प्रयोग करावे लागतात व समीकरणे सहसा अंकीय रीतीनेच सोडवावी लागतात, ही उणीव खरी. कठीण थरांसाठी जुनी रीत आजही पुरेशी आहे, हेही खरे.

तेव्हा संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. तिची अट तिच्यासोबत लिहिली पाहिजे. 'अमुक दाबाखालील सरासरी थररोध' हे नाव लांबट आहे, पण ते वाचकाची दिशाभूल करीत नाही. पारिभाषिक शब्दाकडून प्रथम अपेक्षा असते ती हीच.