‘सांगत्ये ऐका’ : एका आत्मकथनातील कर्ता आणि क्रियापद

मराठी आत्मचरित्रांचा परामर्श घेताना हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या पुस्तकाची बोळवण बहुधा ‘प्रांजळ’ या एकाच विशेषणाने केली जाते, आणि विवेचन तेथेच थांबते. वस्तुत: प्रांजळपणा हा सांगणाऱ्या व्यक्तीचा गुण होय, तो कथनाचा गुण केव्हा व कसा होतो, हा प्रश्न त्या विशेषणाने सुटत नाही, झाकला मात्र जातो. शिवाय या पुस्तकाच्या बाबतीत एक अडचण अगदी आरंभीच उभी राहते. हे आत्मकथन हंसाबाईंनी सांगितले आणि त्या वेळी तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मधून ते प्रथम वाचकांपुढे आले व १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते ग्रंथरूपाने काढले. तेव्हा ज्या वाक्यांना ‘प्रांजळ’ म्हणावयाचे ती वाक्ये कोणाची, हे आधी ठरविले पाहिजे.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. हंसाबाईंचा जन्म १९२३ साली झाला. मूळ नाव रतन साळगावकर. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटाने पडद्यावर पदार्पण झाले तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांचे होते, आणि या प्रवेशामागे हौसेपेक्षा घरची गरज अधिक होती. पुढे बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’सारखे (१९३९) हिंदी बोलपट, प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१), रामजोशीच्या जीवनावरील ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), राजा परांजपे यांचा ‘पुढचं पाऊल’ (१९५०) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) अशी ही वाटचाल आहे. यातील शेवटचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. १९७१ साली, पुस्तक निघाल्यानंतर लवकरच, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या यादीतील दोन भूमिका एकमेकींसमोर ठेवून पाहाव्यात. सखू ही सासुरवासात पिचणारी, विठ्ठलाखेरीज कोणापाशी तक्रार न करणारी स्त्री. रामजोशीच्या चित्रपटातील बया ही फडावर उभी राहून शेकडो पुरुषांना उद्देशून गाणारी. एकीची भाषा अभंगाच्या वळणाची, दुसरीची लावणीच्या. अभिनेत्रीने दोन्ही तितक्याच सहजतेने उच्चारल्या. परंतु यांतील एकही तिची स्वत:ची नव्हती. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य आपलेसे करून बोलणे हाच नटीचा व्यवसाय. अशा स्त्रीने जेव्हा स्वत:विषयी बोलावयाचे ठरविले तेव्हा लेखणी पुन्हा दुसऱ्याच्याच हाती होती, ही गोष्ट कित्येकांना पुस्तकाचे वैगुण्य वाटते. तो निर्णय घाईचा आहे.

प्रथम नावाचा विचार करू. चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या लेखनात तीन शीर्षके ठळक आहेत. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे रूढ अर्थाने आत्मचरित्र नव्हे. त्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्यांना दिलेला तो खरमरीत इशारा आहे, आणि त्याचे शीर्षक प्रश्नार्थी वाक्य आहे. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) या शीर्षकात सर्वनाम आहे, विशेषनाम आहे, क्रियापद मात्र नाही. ‘सांगत्ये ऐका’ यात याच्या नेमके उलट आहे: दोन क्रियापदे, आणि नाम किंवा सर्वनाम एकही नाही. दुर्गाबाईंच्या नावापाठीमागे घराणे, शिक्षण, सामाजिक प्रतिष्ठा होती. ते नाव उच्चारणे हेच पुरेसे विधान ठरते. हंसाबाईंचे जन्मनाव पडद्यावर कधी आलेच नाही. ज्या स्त्रीचे नाव व्यवसायाने बदलून घेतले, तिने आत्मकथनाला नावाऐवजी क्रियापद द्यावे, यात हेतू असो वा नसो, संगती निश्चित आहे.

आता ‘सांगत्ये’ हे रूप. छापील गद्यात ‘सांगते’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. ‘सांगत्ये’, ‘जात्ये’, ‘येत्ये’ ही रूपे कोकण-पुण्याकडील घरगुती बोलण्यात विशेष आढळतात. ‘सांगती’ या स्त्रीलिंगी कृदन्ताला पुढे एकार मिळून इकाराचा यकार झाला, असे मानण्यास हरकत नसावी. म्हणजे प्रमाण रूपात जे स्त्रीत्वाचे चिन्ह पुसट झाले आहे ते या रूपात अधिक स्पष्टपणे ऐकू येते. आणि ‘ऐका’ हे आज्ञार्थी अनेकवचन. फडावरची नर्तकी श्रोत्यांना जसे पुकारते तसे हे आवाहन आहे; त्यात विनंती आहे, तसाच हक्कही आहे. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली ‘यू आस्क, आय टेल’ या नावाने प्रसिद्ध झाला. अनुवादकर्त्या जसबीर जैन व शोभा शिंदे यांचे श्रम मोलाचे आहेतच. परंतु शीर्षकाचा अर्थ येथे उलटला आहे. ‘तुम्ही विचारता म्हणून मी सांगते’ असे म्हणणारी स्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असते. ‘सांगत्ये, ऐका’ म्हणणारीला कोणी विचारलेले नसते.

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मराठीच्या वाक्यरचनेतील एका परिचित वैशिष्ट्याची आठवण देणे आवश्यक आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘मी करार केला’, ‘मी घर सोडले’. येथे बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. अकर्मक क्रियापदाचे तसे नाही: ‘मी गेले’, ‘मी राहिले’, ‘मी रडले’ यांत स्त्रीत्व प्रत्येक वेळी उमटते. मराठीत आत्मकथन करणारी स्त्री, काही केल्याचे सांगताना व्याकरणदृष्ट्या झाकलेली, आणि जाण्यायेण्याचे, सोसण्याचे सांगताना उघडी असते. याला व्याकरणकारांनी नोंदविलेले काही अपवाद आहेत: शिकणे, बोलणे, विसरणे, नेसणे, पिणे. ही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याप्रमाणेच चालतात: ‘मी संवाद बोलले’, ‘मी शालू नेसले’, ‘मी दारू प्यायले’. नटीच्या आयुष्याचा बराचसा भाग या पाच-सहा अपवादांत सामावतो, हा योगायोग मौजेचा खरा, पण त्यावर सिद्धान्त उभारू नये. भाषेची ठेवण हंसाबाईंनी निवडलेली नाही.

निवड आहे ती कोठे सकर्मक वाक्य योजावयाचे आणि कोठे अकर्मक, यात. घर सोडणे, परत येणे, पुन्हा सोडणे हा या चरित्राचा आवर्ती घटक आहे. मराठवाड्यातील एका घरी, पडद्याआड, आधीच्या दोन बायकांसह तिसरी म्हणून काढलेला काळ आणि तेथून सुटताना न्यायाधिकाऱ्याकडूनच झालेला अत्याचार, हा पुस्तकातील सर्वात दारुण भाग. येथे कथन लांबत नाही, उलट आक्रसते. विशेषणे जवळजवळ नाहीत. लेखणी धरणारा लेखक पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांचा कर्ता होणार होता. प्रसंग रंगविण्याची शक्ती त्याच्यापाशी कमी नव्हती. ती येथे वापरली गेलेली नाही, हाच पाठातील सर्वात बळकट अंतर्गत पुरावा होय. सजविलेले वाक्य लेखकाचे म्हणून ओळखता येते. न सजविलेले वाक्य ज्याला लेखकाने हात लावला नाही तेच असण्याचा संभव अधिक. अर्थात संयम हीदेखील लेखकाचीच करामत असू शकते, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की, हा संयम सर्वत्र सारखा नाही. स्टुडिओतील प्रसंगांत कथन सैल आहे, कालक्रम विस्कळीत आहे, एका आठवणीतून दुसरी निघते आणि पहिली अर्धीच राहते. सर्वत्र एकाच हाताने बेतलेले गद्य असे असमान होत नाही.

त्यातच एक परंपराही लक्षात घेतली पाहिजे. पुरुषाने स्त्रीच्या प्रथमपुरुषी वाणीत लिहावयाचे, ही मराठीत नवी गोष्ट नाही. रामजोशी, होनाजी, परशराम यांच्या लावण्यांतील ‘मी’ बहुधा स्त्री आहे आणि रचनाकार पुरुष. फडावर ती वाणी स्त्रीच्या किंवा नाच्याच्या मुखातून परत येई, आणि श्रोत्यांना ती तिचीच वाटे. रामजोशीच्या चरित्रपटात बया साकारणाऱ्या अभिनेत्रीचे आत्मकथन लावणीप्रधान चित्रपटाच्या नावाने यावे आणि ते पुरुषाने लिहून घ्यावे, यात त्या परंपरेचे धागे सरळ दिसतात. मात्र भेद मूलभूत आहे. शाहीर स्त्रीच्या मनातले कल्पून लिहीत असे. येथे लेखकाला कल्पिण्याचे काम उरलेले नाही, त्याला ऐकावे लागले आहे. ‘ऐका’ या आज्ञेचा पहिला धनी तोच.

म्हणून ग्रंथपाल व अभ्यासक्रम-मंडळे यांनी कर्तृत्वाच्या रकान्यात हंसा वाडकर हेच नाव ठेवावे, शब्दांकनाचा निर्देश स्वतंत्र करावा, आणि विद्यार्थ्यांनी हे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचताना एक सावधगिरी बाळगावी. लक्ष्मीबाई टिळकांचे गद्य बोलल्यासारखे आहे; हंसाबाईंचे बोललेले आहे. पहिल्यात विनोद वाक्याच्या बांधणीत मुरलेला असतो, दुसऱ्यात बांधणीच पुष्कळदा अपुरी असते. दोन्हींना ‘अकृत्रिम’ हा एकच शिक्का मारणे म्हणजे दोन्हींवर अन्याय होय.

श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. पटकथेत गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांचा सहभाग होता, आणि स्मिता पाटील यांना प्रमुख भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट म्हणून त्याची योग्यता वादातीत आहे. तथापि त्यात उषाला, म्हणजेच पडद्यावरच्या उर्वशीला, आपण पाहतो. ती आपल्याला सांगत नाही. न्यायाधिकाऱ्याचा प्रसंग तेथे गळला आहे. अखेरीस हॉटेलच्या खोलीत ती एकटी बसली आहे आणि दूरध्वनी वाजतो आहे. दिग्दर्शकाने या मौनाला अर्थपूर्ण केले आहे यात शंका नाही. पुस्तकातील स्त्री मात्र त्या क्षणी गप्प बसली नसती. ऐकणारा समोर आहे एवढे कळताच ती बोलू लागते, आणि वाक्य अर्धे राहिले तरी तिला त्याची पर्वा नसते.