नवा हेडफोन, जुना कान

तळ्याला ध्वनीवरचे व्याख्यान संपल्यावर बारावीच्या एका मुलाने विचारले, "सर, हेडफोनची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबू का?" मोठमोठे शौकीनही असेच थांबतात. सोनीचा 'एक्सएम ५' २०२२ मध्ये आला, 'एक्सएम ६' २०२५ मध्ये.

आवृत्ती बदलली की ध्वनी सुधारतोच, हे गृहीत तपासायला हवे. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. जाहिरातीतला ४०,००० हर्ट्झचा आकडा त्याच्या उपयोगाचा नाही. २०१७ मध्ये ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे पडताळली. निरनिराळ्या वारंवारतांना हेडफोन कसा प्रतिसाद देतो, याचा किमतीशी संबंध आढळला नाही. बाहेरचा गोंगाट अडवणे, बॅटरी, वजन यांत सुधारणा होऊ शकते. पण तो मुद्दा निराळा.

शिक्षकहो, वर्गात प्रयोग करा. दोन हेडफोन, एकच गाणे, ऐकणाऱ्याचे डोळे बांधलेले. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज उगाच चांगला वाटतो. कोणता आधी लावायचा हे नाणेफेकीने ठरवा आणि दहा वेळा पसंती नोंदवा. वजनावरून हेडफोन ओळखता येतो, ही प्रयोगातली उणीव मुलांनाच शोधू द्या.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, "थांबायचे की नाही, ते आधी कानाला विचार."