रबरी नळीची उपमा कुठवर?

रक्ताभिसरण शिकवताना रोहिणीला रबरी नळीची उपमा देण्याची आपली जुनी पद्धत आहे. हृदय म्हणजे पंप, रोहिण्या म्हणजे नळ्या. दाब म्हणजे काय, रक्त का वाहते, हे सांगायला ही उपमा चांगली आहे. पण उच्च रक्तदाबाचा विषय निघाला, की तीच उपमा दिशाभूल करू लागते.

सायकलच्या ट्यूबमध्ये जादा हवा भरली तर ती फुगते, रबर पातळ होते. हवा सोडली की ट्यूब पहिल्यासारखी. यावरून विद्यार्थी दोन निष्कर्ष काढतो : दाब वाढला की भिंत पातळ होते आणि दाब उतरला की सारे पूर्ववत होते. वर्षानुवर्षे जादा दाब सोसणाऱ्या रोहिणीला यातला एकही लागू पडत नाही.

कारण रबर निर्जीव आहे; रोहिणीची भिंत जिवंत पेशींची आहे. तिच्या मधल्या थरातील अनैच्छिक स्नायूपेशी भोवतालच्या तंतूंना प्रथिनांच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. भिंत ताणली की हा ओढा पेशीत पोचतो आणि केंद्रकातील काही जनुके कामाला लागतात. मोठ्या रोहिण्यांत पेशी आकाराने वाढतात, कोलॅजेनचे तंतू जास्त तयार होतात, भिंत जाड होते. लहान रोहिण्यांत बहुधा निराळेच घडते. भिंतीतला माल जवळजवळ तेवढाच राहतो. पण त्याच पेशी अरुंद पोकळीभोवती नव्याने रचल्या जातात.

असे का? लाप्लासच्या नियमानुसार भिंतीतला ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, तर जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या तीच राहून दाब दीडपट झाला आणि जाडीही दीडपट झाली, तर ताण मूळ पदावर येतो. पेशीपुरता हिशेब चोख!

शरीराच्या खात्यावर मात्र तोटा पडतो. रक्तप्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर रोध सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. स्वीडनमधील ब्यॉर्न फोल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवून दिले, की उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या पूर्ण सैल केल्या तरी रोध जास्तच राहतो. म्हणजे दोष केवळ स्नायूंच्या आवळण्यात नव्हता, रचनेतच होता. दाबामुळे भिंत बदलते आणि बदललेली भिंत दाब टिकवून धरते.

‘अनुकूलन’ हा शब्दही म्हणूनच जपून वापरावा. तो ऐकून विद्यार्थ्याला वाटते, शरीराने मार्ग काढला, आता काळजी नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. ‘प्रेशर नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली,’ असे सांगणारे पालक, आणि शिक्षकही, आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या मनात हीच ट्यूब असते : हवा सोडली, काम झाले. काही औषधांनी लहान रोहिण्यांची रचना बरीचशी सुधारते. पण त्याला महिने, कधी वर्षही लागते. आकडा त्याआधीच उतरतो.

तेव्हा नळीची उपमा जरूर द्यावी. मात्र तास संपण्यापूर्वी वर्गाला एक प्रश्न विचारावा : ही नळी जिवंत असती, तर तिने काय केले असते?