विष्णुशास्त्री चिपळूणकर : संपादक आणि चरित्रकार

प्रस्तावना

आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासात विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांचा उल्लेख ‘मराठी भाषेचे शिवाजी’ या बिरुदाने केला जातो. या गौरवात त्यांच्यातील चरित्रकार काहीसा झाकोळला गेला आहे. ‘निबंधमाले’चे संपादन आणि तिच्यात प्रसिद्ध झालेले डॉ. जॉन्सन यांचे प्रदीर्घ चरित्र यांचा परस्परसंबंध प्रस्तुत टिपणात तपासला आहे.

संपादन आणि चरित्रनायक

पुण्यात जानेवारी १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. त्यांतील लेखन जवळजवळ एकहाती होते. जॉन्सननेही १७५० ते १७५२ या काळात ‘रॅम्बलर’चे २०८ अंक बहुतांशी एकट्याने लिहिले होते. शिवाय वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पूर्णत्वास नेले. चरित्रनायकाची ही निवड आकस्मिक म्हणता येत नाही. पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, दारिद्र्यामुळे ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडणारा आणि १७५५ मध्ये शब्दकोश सिद्ध करताना लॉर्ड चेस्टरफिल्डचे आश्रयदातेपण झिडकारणारा जॉन्सन हा स्वतंत्र लेखकाचा आदर्श होता. १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडून पुढील वर्षी न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या शास्त्रीबोवांना तो जवळचा वाटणे स्वाभाविक होते.

सहानुभूतीची मर्यादा

याच ‘माले’त महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनावर उपहासगर्भ टीका आली. भाषा व व्याकरण यांतील दोषांवर तिचा भर होता. ‘गुलामगिरी’ने (१८७३) मांडलेला शूद्रातिशूद्रांच्या शोषणाचा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला. चरित्र आणि वादलेखन यांचे धर्म भिन्न आहेत, हा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः ग्राह्यही आहे. तथापि जॉन्सनचे ओबडधोबड वर्तन आणि फटकळ वाणी त्याच्या थोरवीच्या आड आली नाही. फुल्यांची ओबडधोबड भाषा मात्र त्यांच्या विचाराच्या आड आणली गेली. लंडनच्या लेखकाला मिळालेली समज पुण्यातीलच समकालीनाला नाकारली गेली.

निष्कर्ष

‘निबंधमाले’ने मराठी गद्याला डौल आणि आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद आहे. परंतु तिच्या समीक्षादृष्टीची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही समजण्यासाठी जॉन्सनचरित्र व फुल्यांवरील टीका अध्यापनात शेजारी ठेवून वाचणे आवश्यक ठरते.