खेळाचे संगीत, खेळावाचून

व्हिडिओ गेममधील संगीताचा जाहीर जलसा ऐकण्याचा योग लंडनच्या मुक्कामात आला, तो केवळ आमच्या भाचीच्या आग्रहामुळे. "मामा, आधी ऐका, मग काय टीका करायची ती करा," असे तिने बजाविले होते. आम्ही जन्मात असा एकही खेळ खेळलेलो नाही. तेव्हा तिकिटाचे पैसे वाया जावयाचे, अशी मनाची तयारी करूनच आम्ही सभागृहात शिरलो. ते सर्वस्वी वाया गेले नाहीत, हे प्रारंभीच कबूल करणे प्राप्त आहे.

या जातीच्या संगीतास रंगमंचाचा मान मिळून बरीच वर्षे लोटली. कोइची सुगियामा यांनी १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळासाठी रचलेले संगीत १९८७ सालीच तोक्योच्या श्रोत्यांपुढे वाजले. १८९५ पासून चालत आलेल्या लंडनच्या प्रॉम्स महोत्सवानेही २०२२ साली या संगीतास एक सायंकाळ दिली. तेव्हा ते जलशास योग्य की अयोग्य, हा वाद आता शिळा झाला. खरा प्रश्न निराळाच आहे. जे संगीत दुसऱ्याच्या कृतीस सोबत म्हणून जन्मले, ते ती कृती काढून घेतल्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहते काय?

आपल्याकडील एक दाखला घेऊ. एकल तबलावादनात सारंगीवर वा हार्मोनियमवर लेहरा चालू असतो. तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन परतते. ती कंटाळवाणी होता कामा नये, आणि तबल्यावरचे लक्ष आपल्याकडे ओढणारीही होता कामा नये. खेळातील संगीत हे पुष्कळ अंशी असा लेहराच होय. तबलजीच्या जागी तेथे खेळाडू असतो. मात्र हा लेहरा खेळाकडे सतत कान देऊन असतो. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये अवघे चार उतरते स्वर फिरत राहतात, आणि शत्रूंची फळी विरळ होऊन वेगाने सरकू लागली की त्या स्वरांची गतीही वाढते. कोजी कोंडो यांच्या १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील चाल नेमलेली वेळ सरत आली की एकाएकी द्रुत होते. ती रचताना त्यांच्या हाती यंत्राचे अवघे पाच आवाज होते, व त्यांतला एक तर नुसत्या खरखरीचा. इतक्या दारिद्र्यात तग धरावयाचा तर चालीचा सांगाडाच भक्कम असावा लागतो, आणि तो तसा आहे.

जलशात हीच चाल भरगच्च वाद्यवृंदाने वाजविली. पहिले स्वर निघतात न निघतात तोच टाळ्यांचा कडकडाट झाला व पुढचे स्वर त्यात बुडून गेले. ही टाळी ओळख पटल्याची होती. ऐकण्यास अद्याप प्रारंभही झाला नव्हता. त्यात वादकांच्या डोक्यावर भला मोठा पडदा, आणि त्यावर खेळांतील दृश्ये! संगीत जे सुचवू पाहत होते, ते चित्र आधीच सांगून मोकळे होई. युद्धप्रसंगांच्या संगीताची तर विशेष हानी झाली. खेळात कोण हरणार हे ठाऊक नसते, म्हणून तेथील ताण खरा. येथे शेवट स्वरलिपीत आधीच लिहून ठेवलेला. नगारे आणि तुताऱ्या यांचा गजर वाढला, परंतु ताण काही वाढला नाही.

याउलट दोन रचना खेळावाचूनही जिवंत राहिल्या. पहिली 'सिव्हिलायझेशन ४' या २००५ च्या खेळासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली भाषेतील ख्रिस्ती प्रार्थनेवर रचलेले समूहगान 'बाबा येतू'. २०११ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविणारी खेळाच्या संगीतातील ही पहिली रचना. दुसरी नोबुओ उएमात्सु यांची 'फायनल फँटसी १०' या २००१ च्या खेळातील पियानोवरील 'झानार्कंड'ची चाल. ती सुरू होताच सभागृह निःशब्द झाले. पडद्याकडे पाहण्याचे भानही आम्हांस उरले नाही. आपल्या नाट्यपदांचे असेच झाले. कित्येक नाटके मागे पडली, पण त्यांतील पदे मैफलींत व तबकड्यांवर टिकली. तीही सगळी नव्हेत. ज्यांच्या चालीत प्रसंगापलीकडचे काही होते, तेवढीच गायकांनी उचलली. या नव्या संगीताचीही निवड अशीच व्हावयाची आहे.

परतताना आम्ही भाचीस म्हणालो, "तुझे डोळे भरून आले ते आठवणीने, संगीताने नव्हे."

ती म्हणाली, "असेल, मामा. इथल्या पहिल्या हिवाळ्यात खोलीत दुसरे कोणी नव्हते, हीच चाल सोबतीला होती. पण तुम्हांला तर कसलीच आठवण नव्हती. मग तुम्ही का गप्प बसला होता?"

यावर आमच्याजवळ एवढेच उत्तर होते की, चाल चांगली होती. जलसे भरविणाऱ्यांनी अशाच चाली निवडाव्यात, आणि तो पडदा तेवढा उतरवून ठेवावा.