‘पत्रिका जुळत नाही’चं बटण कुठाय?

हिंजवर प्रोफाइल भरताना एक प्रश्न येतो: तुम्हाला नेमकं काय हवंय? आयुष्याचा जोडीदार, दीर्घकाळचं नातं, थोड्या काळाचं पण पुढे गेलं तर चालेल असं, नुसतं थोड्या काळाचं, आणि सगळ्यात शेवटी ‘अजून ठरवतोय’. इथे अंगठा जरा थबकतो. खरं सांगितलं तर समोरचे पळतील, खोटं सांगितलं तर भलतेच येतील. तरी प्रश्न विचारला जातो, हे चांगलंच आहे. अडचण एवढीच की तो एकाच बाजूला विचारला जातो. आपण आपला हेतू सांगतो. अ‍ॅपचा हेतू काय, हे विचारायला मात्र रकाना नाही.

‘इंटेन्शनल डेटिंग’ हा शब्द सध्या अशा सगळ्या अ‍ॅपच्या जाहिरातीत सापडतो. साध्या मराठीत सांगायचं तर मन लावून, ठरवून, समोरच्याला माणूस समजून केलेलं डेटिंग. हे वेगळं सांगावं लागतं, याचं कारण २०१२ साली आलेल्या टिंडरमध्ये आहे. उजवीकडे ढकललं की हो, डावीकडे ढकललं की नाही. स्वाइप घडवणारे टिंडरचे सहसंस्थापक जोनाथन बडीन यांनी ‘स्वाइप्ड’ या २०१८च्या माहितीपटात मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांच्या प्रयोगांचा दाखला दिला होता. दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला की कबूतर टोचतच राहतं. आपणही रात्री साडेबाराला, उद्या सकाळी लवकर उठायचं असताना, तेच करत असतो.

हिंजची ख्याती या कबूतरखान्यातून बाहेर पडल्याची. २०१६ मध्ये त्यांनी स्वाइप काढून टाकलं आणि अ‍ॅप नव्याने बांधलं. पुढे त्यांचं घोषवाक्य आलं: हे अ‍ॅप डिलीट होण्यासाठीच बनवलंय. म्हणून जाणीवपूर्वक डेटिंगचं अ‍ॅप कसं असावं हे तपासायचं, तर टिंडरला झोडपण्यापेक्षा हिंजकडे बघणं जास्त न्यायाचं. निदान त्यांनी शब्द तरी दिलाय.

आधी जे जमलंय ते. हिंजवर अख्ख्या माणसाला लाइक करता येत नाही. त्याच्या एखाद्या फोटोला किंवा एखाद्या उत्तराला करावं लागतं, आणि तिथेच चार शब्द लिहिता येतात. हा बदल दिसायला किरकोळ आहे. पण त्यासाठी आधी वाचावं लागतं. कोणी लिहिलेलं असतं की पावसात गाडी बंद पडली तरी चहा प्यायलाच थांबेन, आणि तुम्हाला त्या वाक्यावर काहीतरी सुचावं लागतं. फुकट वापरणाऱ्याला दिवसाला मोजकीच लाइक मिळतात, त्यामुळे सुचलेलं जपून खर्चलं जातं. या भागात डिझाइन आपल्यातल्या बऱ्या माणसाच्या बाजूने उभं आहे.

मग येतात गुलाब. अ‍ॅपला तुम्हाला सर्वाधिक आवडतील असे वाटणारे चेहरे एका वेगळ्या कप्प्यात ठेवले जातात. त्यांना साधं लाइक चालत नाही, गुलाब पाठवावा लागतो. आठवड्याला एक फुकट, पुढचे विकत. म्हणजे ज्या मर्यादेने आपल्याला थांबून विचार करायला शिकवलं, तिच्यावरच किंमत चिकटवली. वाण्याने चांगला तांदूळ मागच्या खोलीत ठेवावा आणि पुढचा बघून आपण नाक मुरडलं की किल्ली दाखवावी, तसं हे.

यामागचं गणित गुपित नाही. हिंज आज मॅच ग्रुपच्या मालकीचं आहे. टिंडर आणि ओकेक्यूपिडही त्यांचंच. हिंजवर कंटाळून टिंडरवर गेलात तरी पैसा एकाच गल्ल्यात. १४ फेब्रुवारी २०२४ला, म्हणजे मुहूर्त बघूनच, अमेरिकेत या कंपनीवर दावा दाखल झाला. अ‍ॅप मुद्दाम व्यसन लागेल अशी बनवली आहेत, आणि हे ‘डिलीट होण्यासाठी’च्या घोषणेच्या उलट आहे, असा आरोप होता. कंपनीने तो साफ फेटाळला. कोर्टाचं कोर्ट बघेल. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे: दरमहा वर्गणी घेणाऱ्याला तुमचा शोध लवकर संपण्यात किती रस असेल?

इथे मला आपल्याकडच्या जुन्या मध्यस्थाची आठवण होते. स्थळं सुचवणाऱ्या मावशी किंवा काका असायचे. वधूवर सूचक मंडळ नावनोंदणीची फी घ्यायचं, पण या मावशींना मान मिळायचा तो लग्न जमल्यावर. मांडवात बोलावून आहेर. शोध संपण्यात त्यांचाही आनंद होता.

आणि त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी एकाही अ‍ॅपकडे मला दिसली नाही. नकार पोचवायची सोय. मुलगा आवडला नाही, पगार कमी वाटला, सासू खाष्ट वाटली, कारण काहीही असो. निरोप जायचा की ‘पत्रिका जुळत नाही’. दोन्हीकडच्यांना ठाऊक असायचं की गुरुजींनी पंचांग उघडलेलंच नाही. तरी कोणाचा अपमान होत नसे आणि कोणी वाट बघत बसत नसे. पोह्यांच्या बशा धुवून झाल्या की विषय संपला.

त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं काही कारण नाही. नकार देण्याचा हक्क बहुतेकदा मुलाकडच्यांचा होता. मुलीला शेवटी विचारायचे, तेही उत्तर ठरल्यावर. जात पहिल्या ओळीत असायची, हुंडा न लिहिलेल्या ओळीत. कित्येक मुलींनी महिन्याला तीन-तीन वेळा ट्रे धरला आणि प्रत्येक ‘जुळत नाही’ मुकाट गिळलं. आपण अ‍ॅपवर आलो ते यातून सुटायलाच. पण सुटताना नकाराची भाषाही मागे राहिली, आणि तिच्या जागी आलं मौन. दहा दिवस रोज बोललेला माणूस अकराव्या दिवशी गप्प होतो. किंवा अनमॅच करतो आणि अख्खी चॅट आपल्या फोनमधून नाहीशी होते, जणू बोलणं झालंच नव्हतं. मग आपण मैत्रिणीला विचारत बसतो, ‘मी काही चुकीचं बोलले का गं?’

हिंजने या दिशेने एक पाऊल टाकलंय. २०२४ मध्ये त्यांनी नियम आणला की उत्तर न दिलेल्या चॅट ८ झाल्या की नव्या मॅच थांबतात. आधी कोणाला तरी उत्तर द्या, नाहीतर संवाद संपवा. उत्तम नियम आहे. पण संपवणं म्हणजे पुन्हा पुसून टाकणंच. समोरच्याला कळत काहीच नाही.

‘नाही म्हणायला कसली लाज, सरळ सांगा ना,’ असं म्हणणं सोपं आहे. एखाद्या मुलीला विचारा. ‘सॉरी, मला पुढे बोलायचं नाही,’ एवढं लिहिल्यावर शिव्या खाल्ल्याचा अनुभव अनेकींना आलेला असतो. तिच्यासाठी मौन हा उद्धटपणा नसतो, ते हेल्मेट असतं. म्हणूनच नकार पोचवण्याचं काम दोघांवर न सोडता अ‍ॅपने अंगावर घ्यायला हवं. मावशी नेमकं तेच करायच्या.

हे बांधायला फार अवघड नाही. संवाद संपवताना दोन-तीन ठरलेली वाक्यं असावीत: ‘बोलून बरं वाटलं, पण पुढे जावंसं वाटत नाही.’ वाक्य अ‍ॅपच्या नावाने जावं आणि चॅट त्याच क्षणी बंद व्हावी, म्हणजे उलट उत्तराचा, भांडणाचा प्रश्नच नाही. कोणी त्रास देत असेल तर निरोपाविना पुसून टाकायची सोय अर्थातच राहावी. एका वेळी चार-पाचच संवाद उघडे असावेत. नवा हवा तर जुन्याला उत्तर किंवा निरोप. आणि फी एकदाच, नावनोंदणीसारखी, म्हणजे तुम्ही रेंगाळण्यात अ‍ॅपचा फायदा उरणार नाही. कंपनी म्हणेल, यात धंदा बसत नाही. बसत नसेल तर घोषवाक्य बदलावं.

कारण आपण कोणाला हो म्हणतो यात हेतू फारसा दिसत नाही. हो म्हणताना सगळेच चांगले वागतात. नको असलेल्या माणसाला आपण कसं परत पाठवतो, तिथे तो दिसतो. अ‍ॅपचंही तसंच. पुढच्या वेळी कोणी नवं ‘जाणीवपूर्वक’ अ‍ॅप सुचवलं, तर फोटो चढवण्याआधी शोधून बघा: यात नाही म्हणण्याचं बटण आहे का, आणि ते दाबल्यावर समोरच्याच्या फोनवर काय दिसतं?

तोवर आपल्याही फोनमध्ये उत्तराविना पडलेल्या चॅट आहेतच. त्यातल्या जिथे भीतीचं कारण नाही, तिथे एक ओळ लिहायला अ‍ॅपच्या परवानगीची गरज नाही.