सेनापति बर्गॉइनची कैफियत

पेण-रोह्याच्या बाजूस जुनीं दफ्तरें धुंडाळणारांस जॉन बर्गॉइन (१७२२–१७९२) हें नांव परकें वाटेल. हा इंग्रज सेनापति नाटककारही होता. शूद्रक व हर्ष यांच्यामुळें अशी जोडी आपल्यास अपरिचित नाहीं. त्याचें ‘द मेड ऑफ द ओक्स’ १७७४ सालीं गॅरिकनें रंगभूमीवर आणलें. १७८६ चें ‘द एअरेस’ तर लंडनांत फार गाजलें. मध्यंतरीं, १७७७ च्या आक्टोबरांत, सॅराटोगा येथें अमेरिकन सेनेपुढें शस्त्रें ठेवण्याचा प्रसंग त्यावर आला. त्याच्या समर्थनार्थ १७८० त त्यानें ‘स्टेट ऑफ द एक्स्पेडिशन फ्रॉम कॅनडा’ हा ग्रंथ छापला. आम्हांस नाटकांहून हीच कृति अधिक विचारणीय वाटते.

कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या १७७२ च्या पार्लमेंट-कमिटीचा हाच अध्यक्ष होता, व पुढील सालीं क्लाइव्हासही त्यानें धारेवर धरलें. साक्षी कशा मांडाव्या हें त्यास ठाऊक होतें. या ग्रंथांत त्या अशा क्रमानें येतात कीं, आल्बनीवर जाण्याचा हुकूम देणारा मंत्री अपराधी व तो पाळणारा सेनापति निरुपाय, हा निकाल वाचक स्वतःच देऊन बसतो. येथेंच सावध असावें. ओल्या लाकडाचे गाडे वाटेंत मोडले हें खरें. पण एवढ्या तोफा रानांतून ओढण्याचें ठरविलें कोणीं? बर्नार्ड शॉनें १८९७ च्या ‘डेव्हिल्स डिसायपल’ मध्यें त्याचें चतुर बोलणें आणखी रंगविलें, त्यामुळें हा प्रश्न मागेंच पडला.

सॅराटोग्यानंतर सुमारें चौदा महिन्यांनीं पेणेच्या उत्तरेस पनवेलीहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून गेली व जानेवारी १७७९ त वडगांवास तिला तह करावा लागला. तो तह मुंबईकरांनीं व हेस्टिंग्जनें नाकारला, जसा सॅराटोग्याचा करार अमेरिकन काँग्रेसनें रोखला होता. एगर्टन, कॉकबर्न व कार्नॅक तिघेही बडतर्फ झाले. त्यांच्यांत नाटककार कोणी नव्हता. म्हणून ते केवळ नालायक ठरले, आणि बर्गॉइन मात्र दुर्दैवी!

कुलाब्याच्या (१९८१ पासून रायगड) संग्राहकांस म्हणूनच आमची विनंति आहे. बैल, भात, वेठ व नावा यांच्या हिशेबांचे मोडी बंद निरस म्हणून रुमालाबाहेर टाकूं नयेत. घाटाखालीं फौजेस दाणा कोठून मिळाला, भाडें किती पडलें, हें असल्याच बंदांत सांपडण्याचा संभव. बर्गॉइनचा ग्रंथही आम्ही गाड्यांच्या व शिध्याच्या तपशिलासाठींच हाताशीं ठेवला आहे.